पाण्यावर उतरणाऱ्या विमानाच्या तळाला मध्येच पायरी का असते?

पाण्याने धरून ठेवलेला तळ उड्डाणाआधी सुटावा म्हणून. वेग वाढला की फ्लाइंग बोट (होडीसारखा तळ असलेलं विमान) पाण्यावरून सरकू लागते. पण तळ सलग असेल तर पाणी मागच्या वळणाला चिकटून वाहतं, तिथला दाब कमी होतो आणि मागचा भाग खाली ओढला जातो. पायरीच्या धारदार कडेशी हा प्रवाह तुटतो, मागे हवा शिरते आणि नाक वर उचलायला जागा मिळते. अमेरिकन विमाननिर्माते ग्लेन कर्टिस यांनी १९१२ मध्ये हा उपाय आपल्या फ्लाइंग बोटीवर वापरला. पुढे एन.ए.सी.ए. (नासाची पूर्वज संस्था) हिने अमेरिकेत लँग्ली इथे १९३१ मध्ये सुमारे ६०० मीटर लांब पाण्याची टाकी बांधली आणि तिच्यात छोट्या प्रतिकृती ओढून पायरीची खोली, जागा, तळाचा आकार हे सगळं तपासलं. हे उत्तर त्याच चाचण्यांच्या अहवालांच्या वाचनावरून देतोय. ते सर्वांना खुले आहेत, त्यातले आलेख जरूर बघा. एक मात्र लक्षात घ्या: हवेत गेल्यावर हीच पायरी हवेचा अवरोध वाढवते, त्यामुळे ती हवी तेवढी खोल ठेवता येत नाही. फार उथळ ठेवली तर उतरताना विमान पाण्यावर उसळ्या मारतं.