घर नंतर, आधी शाळा

तुम्ही परदेशातून पुण्याला परतायचं म्हणताय आणि तुमची मुलगी सहावीत जाणार आहे, म्हणून सांगतो: फ्लॅट बघण्याआधी शाळा पक्की करा. आम्ही उलटं केलं. न्यू जर्सीत बसून बाणेरला घर बुक केलं आणि मुलाला प्रवेश मिळाला पार कोथरूडपलीकडे. सातवीतलं पोर संध्याकाळी बसमधून उतरायचं, दप्तर दारातच टाकून सोफ्यावर झोपायचं. ते बघून जीव तुटायचा.

शाळेला मराठीबद्दल नक्की विचारा. २०२०च्या कायद्याने महाराष्ट्रात सीबीएसई, आयसीएसईसह सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणं बंधनकारक आहे. मुलीला बोलता येत असेल, पण जोडाक्षरं लिहिता येतात का? आतापासून रोज अर्धा तास बसवा.

पहिलं वर्ष भाड्यानेच राहा. सोसायटी एप्रिल-मेमध्ये बघा, पावसाळ्यात सगळीच हिरवीगार दिसते. वॉचमनला विचारा, दिवसाला टँकर किती येतात? तो खरं सांगतो. ऑफिस हिंजवडीला असेल, तर सकाळी नऊला स्वतः गाडी घेऊन जाऊन या.

नाशिकचा विचार जरूर करा, विशेषतः आईवडील तिथेच आहेत म्हणून. घरून काम करायची मुभा लेखी मिळत असेल, तर मी पुण्याआधी नाशिक निवडेन. आजोबांनी नातीला क्लासला सोडणं, ही सोय पुण्यात पैसे टाकून मिळत नाही.

परतीची तारीख ठरवण्यापूर्वी सीएशी बोला. आयकरासाठी तुम्ही भारताचे निवासी धरले जाता की नाही, हे आर्थिक वर्षात भारतात काढलेल्या दिवसांवर ठरतं.