माझ्या मॉड्युलर सिंथच्या सीक्वेन्सरला (ठरलेल्या क्रमाने सूर वाजवणाऱ्या मॉड्यूलला) एकच गेट आउटपुट आहे. किक आणि हायहॅट या ड्रमच्या आवाजांसाठी वेगळे ट्रिगर हवेत, तर ट्रिगर सीक्वेन्सर घ्यावा का? गेट आणि ट्रिगरमध्ये नक्की फरक काय?

नका घेऊ. निदान लगेच तरी नका घेऊ.

फरकाचं आधी उरकतो. गेटमध्ये व्होल्टेज किती वेळ वर राहतं त्याला अर्थ असतो, एडीएसआरचा (आवाजाचा चढ-उतार ठरवणाऱ्या मॉड्यूलचा) सस्टेन तेवढाच वेळ टिकतो. ट्रिगर म्हणजे काही मिलिसेकंदांची टिचकी, नुसतं ‘सुरू हो’ सांगणारी. ड्रमच्या मॉड्यूलला टिचकी पुरते. लांब सुराच्या एडीएसआरला ती दिली तर अटॅक (सुरुवातीचा चढ) पुरा व्हायच्या आत व्होल्टेज खाली येतं आणि आवाज ‘टक्’ करून मरतो. झालं.

आता ट्रिगर सीक्वेन्सर. माझा एक मित्र आहे, त्याने असलं एक मॉड्यूल बाहेरून मागवलं. कस्टम ड्यूटी भरली, रॅकमध्ये ऐटीत बसवलं. त्यावर वाजवतो काय? एक-दोन-तीन-चार, आणि प्रत्येक ठोक्याला किक. हाच गृहस्थ माझा बोर्ड बघून हसला होता. म्हणे, “अरे, ही तर गणपतीची लायटिंग!”

आहेच. 555 या टायमर चिपचा क्लॉक (सारख्या अंतराने ठोके देणारा) आणि पुढे सीडी 4017 ही ठोके मोजणारी चिप. मखराभोवती पळते एलईडी लावायला आपल्यातल्या निम्म्या लोकांनी जी जोडी शाळेत असताना सोल्डर केली, तीच. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात मिळते, चहा-वड्याच्या भावात. 4017 ला दहा आउटपुट असतात. क्लॉकचा एकेक ठोका आला की एकेक आउटपुट क्रमाने वर जातं, आधीचं खाली येतं. एलईडी काढा, जॅक लावा, गेट सीक्वेन्सर तयार. मूगच्या जुन्या 960 सीक्वेन्सरला तरी किती स्टेप होत्या? आठच.

मला तबल्याचा रूपक ताल हवा होता, म्हणून आठवं आउटपुट (पिन 6) रिसेटला (पिन 15) जोडलं. सात मात्रांनंतर गाडी परत पहिल्यावर. रूपकाचा ठेका ती ती ना, धी ना, धी ना. डग्गा घुमतो तो चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर, म्हणून त्या दोन आउटपुटांना (पिन 7 आणि पिन 1) एकेक 1एन4148 डायोड लावून दोन्ही एकत्र केली, 100के रेझिस्टर जमिनीला (ग्राउंडला), आणि ती तार किकला. उरलेल्या पाच मात्रा तशाच डायोडनी जोडून हायहॅटला.

खरी गंमत इथे आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही. 4017 चं प्रत्येक आउटपुट क्लॉकचा पूर्ण काळ वर असतं. त्यामुळे सातवी, पहिली, दुसरी, तिसरी या लागोपाठच्या मात्रा एकमेकींना चिकटतात. मध्ये व्होल्टेज खाली येतच नाही, म्हणून हायहॅट चारदा वाजण्याऐवजी एकदाच वाजतो. अनेक तयार सीक्वेन्सरच्या गेट आउटपुटलाही हेच होतं आणि लोक मॉड्यूल बिघडलं म्हणून परत पाठवतात. बिघडलेलं काही नसतं. ती तार आणि क्लॉक दोन्ही 4081 चिपच्या एका अँड गेटमधून (दोन्ही इनपुट वर असतील तरच ज्याचं आउटपुट वर जातं) काढा. क्लॉक खाली गेला की गेटही खाली जातं, प्रत्येक मात्रा सुटी होते. त्याहून अरुंद टिचकी हवी असेल तर पुढे 10 नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि 100के जमिनीला. एक मिलिसेकंदाच्या आसपासची टिचकी मिळते. हे कळलं की गेटचं ट्रिगर करायला पैसे कशाला मोजायचे, सांगा.

मित्राचा दुसरा आक्षेप असा की रिसेट झाला की आवर्तनात गचका बसतो. हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही, म्हणून इथे लिहूनच ठेवतो. आठव्या क्लॉकला आठवं आउटपुट वर जातं, ते मायक्रोसेकंदाच्या आत चिपला रिसेट करतं, आणि त्याच क्लॉकवर पहिलं आउटपुट वर येतं. ठोका वाया जातच नाही. कान सोडा, ऑसिलोस्कोपवरही आठव्या आउटपुटची ती सुईसारखी उसळी शोधावी लागते. त्याला गचका वाटला कारण रूपकाची सम ‘खाली’च्या मात्रेवर येते, पहिल्या मात्रेला डग्गा नाही, आणि याचा पाय एकवर किक शोधत होता. गचका आयसीत नाही, पायात आहे.

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. तुमच्या सीक्वेन्सरला क्लॉक आउट असेल तर 555 लागतच नाही, तो क्लॉक सरळ 4017 च्या पिन 14 ला द्या, म्हणजे सूर आणि ठेका एकाच घड्याळावर चालतील. पण युरोरॅकच्या (मॉड्यूलांच्या प्रचलित साच्याच्या) 12 व्होल्टवर चालणारा 4017 पाच व्होल्टचा क्लॉक ओळखेलच असं नाही. मग 7805 हा व्होल्टेज रेग्युलेटर लावून चिप पाच व्होल्टवर चालवा. बहुतेक मॉड्यूलना पाच व्होल्टचं गेट चालतं. मात्र पाचवर चालणाऱ्या चिपला दहा व्होल्टचा क्लॉक किंवा खाली उणेत जाणारा एलएफओ (संथ लहर देणारं मॉड्यूल) थेट देऊ नका, आधी रेझिस्टर आणि डायोडने आवरा. प्रत्येक आउटपुटला 1के रेझिस्टर मालिकेत हवाच. 555 वापरलात तर त्याच्या सप्लायच्या पायाशी 100 नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा, नाहीतर त्याची टिकटिक ऑडिओत ऐकू येते. आणि समोर जुना मूग किंवा कॉर्ग एमएस-20 सिंथ असेल तर त्यांना व्होल्टेज नको असतं, ट्रिगरचा इनपुट जमिनीला टेकवावा लागतो. त्यासाठी बीसी547 ट्रान्झिस्टर: बेसला 10के मधून तुमचं गेट, एमिटर जमिनीला, कलेक्टर इनपुटला.

चार वेगवेगळ्या रांगा हव्यात, पॅटर्न साठवायचेत, स्टेजवर चालू गाण्यात बदलायचेत, तर घ्या बापडे विकतचं. त्या कामाला माझा बोर्ड निरुपयोगी आहे. मित्राला हे सांगू नका.