वाचकांचे प्रश्न : मुलांना फार्मसीत लस द्यावी का?

प्रश्न : आम्ही मार्चमध्ये पुण्याहून कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथे राहायला आलो. मुलगी बारा वर्षांची असून ऑगस्टमध्ये सातवीत जाईल, मुलगा पाच वर्षांचा असून किंडरगार्टनमध्ये जाईल. शाळेने दोघांच्या लसींची नोंद मागितली आहे. बालरोगतज्ज्ञांची वेळ दीड महिन्यानंतरची मिळते आहे, तर घराजवळच्या फार्मसीत लगेच लस देऊ म्हणतात. सासूबाई पुण्याहून फोनवर बजावतात की, औषधाच्या दुकानात लेकरांना सुई टोचून घेऊ नका. आम्ही काय करावे?

उत्तर : मुलीला सातवीसाठी लागणारी लस फार्मसीत अवश्य घ्या. मुलाच्या बाबतीत मात्र आधी त्याचे पुण्याचे कार्ड डॉक्टरांच्या नजरेखालून जाऊ द्या. त्यामागचे कारण सासूबाई समजतात त्यापेक्षा वेगळे आहे.

त्यांची काळजी आपल्याकडच्या मेडिकल दुकानाच्या अनुभवातून आलेली आहे आणि ती समजण्यासारखी आहे, कारण भारतात फार्मासिस्टला लस टोचण्याचा अधिकार नाही. कॅलिफोर्नियात 2013 साली झालेल्या कायद्याने तीन वर्षांवरील व्यक्तींना नियमित लसी देण्याची मुभा फार्मासिस्टला मिळाली. त्यासाठी त्याला मान्यताप्राप्त प्रशिक्षण पूर्ण करावे लागते, जीवरक्षक प्राथमिक उपचारांचे प्रमाणपत्र चालू ठेवावे लागते, आणि दिलेली लस राज्याच्या नोंदवहीत चढवून मुलाच्या डॉक्टरांनाही कळवावी लागते. शिवाय आपल्या गावांतील उपकेंद्रांत तरी लस कोण टोचते? तेथे डॉक्टर नसतात, लस टोचतात त्या एएनएम सिस्टर, आणि लाखो मराठी मुलांचे लसीकरण त्यांच्याच हातून नीट झालेले आहे. सुई टोचणे हे शिकून घेता येणारे काम आहे. ते डॉक्टरनेच करावे असा माझा आग्रह नाही.

सातवीसाठी शाळा मागते ती मुख्यतः टीडॅप, म्हणजे धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला यांची लस. 2010 मध्ये कॅलिफोर्नियात डांग्या खोकल्याची मोठी साथ आली, नऊ हजारांहून अधिक रुग्ण सापडले, दहा तान्ही बाळे दगावली, आणि त्यानंतर 2011 पासून ही लस सातवीच्या प्रवेशासाठी सक्तीची झाली. मुलीला पुण्यात खासगी दवाखान्यात दहाव्या वर्षी टीडॅप दिलेली असेल तर तीच चालेल आणि पुन्हा टोचण्याची गरज नाही. सरकारी कार्यक्रमातील टीडी मात्र चालणार नाही, कारण तिच्यात डांग्या खोकल्याचा घटक नसतो. फार्मसीत लस घेताना तिला खुर्चीत बसवूनच टोचायला सांगा आणि नंतर पंधरा मिनिटे तेथेच बसू द्या. या वयाच्या मुलांना लसीनंतर चक्कर येते आणि पडून डोक्याला मार लागतो, हा धोका गंभीर अ‍ॅलर्जीपेक्षा कितीतरी अधिक वेळा दिसतो. रांगेत लोक खोळंबले आहेत म्हणून कोणी उठायला सांगितले, तरी उठू नका.

मुलाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या कार्डावर नवव्या महिन्यात गोवराची लस दिल्याची नोंद असेल. भारतात गोवर लवकर होतो म्हणून ती त्या वयात देणे योग्यच आहे, पण कॅलिफोर्नियातील शाळा पहिल्या वाढदिवसानंतरचेच डोस मोजते आणि गोवर, गालगुंड, रुबेला यांचे असे दोन डोस मागते. भारतातील सरकारी केंद्रात मिळते ती फक्त गोवर-रुबेला लस, तिच्यात गालगुंड येत नाही. एप्रिल 2016 नंतर तोंडावाटे दिलेले पोलिओचे थेंबही कॅलिफोर्नियात हिशेबात धरत नाहीत. कांजिण्यांचे दोन डोस लागतात, आणि ही लस आपल्या सरकारी कार्यक्रमात नाहीच. कोणता डोस धरायचा, कोणता नव्याने द्यायचा, दोन डोसांत किती अंतर ठेवायचे, हा हिशेब काउंटरवर घाईत होण्यासारखा नाही. तो डॉक्टरांनी एकदा मांडून दिला की ठरलेले डोस फार्मसीत घेण्यास माझी काही हरकत नाही. गोवर आणि कांजिण्यांच्या नोंदींसाठी मुलीचे कार्डही त्याच वेळी दाखवा, कारण परदेशातून नव्याने आलेल्या मोठ्या मुलांनाही हे डोस पूर्ण असावे लागतात.

ऑगस्ट 2020 मध्ये, करोनामुळे मुलांचे लसीकरण मागे पडल्यावर, अमेरिकेच्या केंद्र सरकारने तीन ते अठरा वर्षांच्या मुलांना लस देण्याची परवानगी देशभरातील फार्मासिस्टना तात्पुरती दिली, तेव्हा तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने विरोध केला होता. लसीच्या निमित्ताने मूल दवाखान्यात येते आणि त्याची पूर्ण तपासणी होते, ती चुकेल, असे त्यांचे म्हणणे होते. मला ही भीती खरी वाटते, पण तिच्यासाठी फार्मसीचे दार बंद करणे पटत नाही. ज्या आईला कामावरून दिवसा सुटी मिळत नाही, तिचे मूल त्यामुळे लसीवाचूनच राहील. तुमच्या मुलीची दीड महिन्यानंतरची वेळ मात्र रद्द करू नका. पाठीचा कणा वाकडा आहे का, रक्तदाब आणि नजर कशी आहे, नव्या देशात तिचे मन रमते आहे का, हे फार्मसीत कोणी पाहणार नाही, आणि बाराव्या वर्षी हे सगळे पाहायलाच हवे.

उद्याच दवाखान्यात फोन करून दोन गोष्टी विचारा : कार्डाचे फोटो आधी पाठवले तर डॉक्टर पाहून ठेवतील का, आणि केवळ लसीसाठी नर्सची वेळ मिळेल का. अशी वेळ बहुधा लवकर मिळते. विमा मेडी-कॅलचा, म्हणजे कॅलिफोर्नियातील कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीच्या सरकारी योजनेचा असेल तर फार्मसीत जाण्यापूर्वी ती मुलांच्या मोफत लसींच्या केंद्रीय योजनेत आहे का, तेही विचारून घ्या, कारण अनेक फार्मसी त्या योजनेत नाहीत. पुण्याचे मूळ कार्ड कोणाकडेही ठेवायला देऊ नका, केवळ प्रत द्या.