राजाच्या नावामागचं आयुरारोग्य

प्रश्न: प्राचीन इजिप्तमधल्या पत्रांचे इंग्रजी अनुवाद वाचते आहे. 'फेरो' हा शब्द आला की वाक्याच्या मधेच 'एल. पी. एच.' अशी तीन अक्षरं टपकतात. हा राजाला दिलेला आशीर्वाद आहे, असं तळटीप म्हणते. पण एकेका पानावर तीन-चार वेळा? आणि तो मनापासून असायचा का?
(एक वाचक, कोथरूड)

उत्तर: मनापासून का, ते एका पत्रावरूनच ठरवा.

पियांख हा सेनापती नूबियात, म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेकडच्या मुलखात, मोहिमेवर होता. काळ अकराव्या रामसेस राजाच्या अखेरीचा, म्हणजे इ. स. पू. १०७० च्या आगेमागे. इकडे इजिप्तच्या थीब्स शहरात दोन मेजाय, म्हणजे त्या वेळचे पोलीस, नको ते बोलून बसले होते. सेनापती आपल्या विश्वासातल्या लेखनिकाला कळवतो : दोघांना माझ्या घरी आणवा, बोलण्याचा छडा लावा, खरं निघालं तर मारून टाका आणि रात्री पाण्यात फेका. कुणाला पत्ता लागता कामा नये. राजाला कळलं तर? त्यावर तो जे लिहितो त्याचा आशय असा : 'फेरो, आयुरारोग्य लाभो, या मुलखात पोचणार तरी कसा? आणि फेरो, आयुरारोग्य लाभो, आता मालक आहे तरी कुणाचा?'

राजाची किंमत शून्य, पण आशीर्वाद दोन्ही वेळा जागच्या जागी. काही जणांना यात खवचटपणा दिसतो. मला तसं वाटत नाही. सेनापती सांगत गेला आणि लेखनिकाचा हात सवयीने चालत राहिला, इतकंच. मोडीच्या वर्गात मी 'अखंडितलक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री' हा मायना सुरुवातीलाच गिरवून घेतो. पुढे पत्रात थकलेल्या वसुलीवरून खरडपट्टी का असेना, मायन्याची लक्ष्मी अखंडितच राहते!

मूळ शब्द 'आंख, वेजा, सेनेब'. राजा जगो, सुखरूप राहो, निरोगी राहो. रोज इतकं लिहायला वेळ कुणाला होता? म्हणून तीन चिन्हांवर भागवत : आंखचं वर फास असलेलं चिन्ह, अग्नी पाडायची अरणी आणि घडी घातलेलं कापड. पपायरसवरच्या, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरच्या, घाईच्या लिपीत तर त्याचे जेमतेम काही फटकारे उरतात. त्यामुळे तुम्हाला अनुवादात जे अडखळायला होतं, ते मूळ वाचणाऱ्याच्या डोळ्याला फारसं जाणवतही नसेल. इंग्रजी अनुवादकांनी 'लाइफ, प्रॉस्पेरिटी, हेल्थ'ची तीन आद्याक्षरं वापरली ती त्याच धर्तीवर.

राजाविरुद्धच्या कटातही हा शिष्टाचार सुटलेला नाही. तिसऱ्या रामसेसला त्याच्या जनानखान्यातल्या कटाने संपवलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या सीटी स्कॅनमध्ये त्याच्या ममीचा गळा चिरलेला दिसला. या खटल्याच्या कागदांत जादूटोण्याच्या एका पोथीचा उल्लेख आहे. ती राजाच्याच संग्रहातली होती, आणि तिथेही राजाच्या नावामागे आयुरारोग्य आहेच. आरोपींची नावं मात्र मुद्दाम बिघडवून लिहिली. एकाचं नाव केलं 'मेसेदसुरे', म्हणजे 'रा देव ज्याचा द्वेष करतो तो'. नावाला आशीर्वाद जोडता येतो, तसा शापही नावातच भरता येतो.

हा मान फक्त राजाचा होता असंही नाही. राजवाड्याच्या उल्लेखामागेही तो येतो. बुडालेल्या जहाजातल्या खलाशाची जी प्रसिद्ध इजिप्शियन कथा आहे, तिच्या शेवटी नक्कल करणाऱ्या लेखनिकाने, अमेनीचा मुलगा अमेनाआ याने, स्वतःला 'कुशल बोटांचा' म्हणवून घेतलंय आणि वर आपल्याच नावामागे हा आशीर्वाद ठोकून दिलाय. मला हा गृहस्थ फार आवडतो.

मृतांसाठी वेगळी खूण होती, 'मा-खेरू' : परलोकातल्या न्यायनिवाड्यात खरा ठरलेला. आपल्या 'कै.'च्या जागी ती समजा. उलट रोझेटा शिलालेखात (इ. स. पू. १९६) तेव्हा जिवंत असलेल्या पाचव्या टॉलेमी राजाच्या नावाच्या चौकटीतच 'चिरंजीव, प्ताह देवाचा लाडका' हे शब्द आहेत. चिरंजीव राजा तिशीच्या आसपासच गेला.

तेव्हा वाचताना ती तीन अक्षरं खुशाल ओलांडा, पण पपायरस फाटका असेल तेव्हा थांबा. नाव गेलेलं असतं, पुढचं वाक्य अर्धवट असतं, आणि ही तीन चिन्हं तेवढी शिल्लक असतात. बहुतेक वेळा त्यांच्या आधी राजा किंवा राजवाडा होता, असं धरून अभ्यासक गाळलेली जागा भरतात.