रिकामा हौदा, भरलेला हौदा: पिकअपच्या टायरांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पिकअप गाड्यांच्या टायरांविषयी होती. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहे. पहिल्या उत्तराला जागा अधिक लागली आहे, कारण पुढच्या बहुतेक प्रश्नांचे मूळ त्यात आहे.

प्रश्न: माझ्या पिकअपच्या मागच्या दोन्ही टायरांची नक्षी मधोमध जवळजवळ गोटा झाली आहे, कडा मात्र नव्यासारख्या आहेत. महिन्यातून चार-पाच वेळा गाडी पूर्ण भरते, एरवी हौदा रिकामा असतो. ऐनवेळी धावपळ नको म्हणून मी मागच्या चाकांत कायम पूर्ण भाराची हवा ठेवतो. टायर सदोष निघाले असे समजावे का?

उत्तर: आपल्या वर्णनावरून टायर निर्दोष दिसतात; झीज हवेमुळे झाली आहे. गाडीचा भार मुख्यतः टायरमधील हवा पेलते, रबर आणि त्यातील तारा-धागे ती हवा धरून ठेवतात. भाराच्या मानाने हवा जास्त झाली की टायरचा पट्टा मध्ये फुगतो आणि रस्त्याला तेवढाच मधला भाग टेकतो. हवा कमी पडली की मधला भाग आत दबतो आणि दोन्ही कडा घासल्या जातात. मोटारीत हा हिशेब फारसा बदलत नाही. पिकअपमध्ये मात्र तो दर खेपेला बदलतो. रिकाम्या पिकअपचे ५५ ते ६० टक्के वजन इंजिनामुळे पुढच्या चाकांवर असते आणि हौद्यातील माल जवळजवळ सगळा मागच्या आसावर येतो. समजा, रिकाम्या गाडीच्या मागच्या दोन चाकांवर मिळून ८०० किलो भार आहे. त्यात ८०० किलोंचा माल चढवला, तर मागच्या चाकांवरचा भार सुमारे दुप्पट होतो आणि पुढच्या चाकांना त्याची फारशी जाणीवही होत नाही. पूर्ण भाराची हवा भरलेले टायर महिन्यातले पंचवीस दिवस निम्म्या भाराने धावत असतील, तर त्यांचे मध्यच झिजणार. शिवाय ज्या गाड्यांची मागची चाके इंजिनाच्या जोरावर फिरतात, त्यांचा मागचा भाग रिकामा असताना हलका असल्याने गाडी सुरू होताना चाके थोडी घसरतात. ती घसरणही त्याच मधल्या पट्ट्यावर होते.

उपाय गाडीवरच लिहिलेला असतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा दाराच्या आतल्या कडेला हवेच्या दाबाची पट्टी चिकटवलेली असते, आणि अनेक पिकअपांच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत कमी भारासाठी आणि पूर्ण भारासाठी असे दोन वेगळे आकडे दिलेले असतात. आपल्या गाडीसाठी असे दोन आकडे असतील, तर रिकाम्या दिवसांत पहिला आणि माल चढवण्यापूर्वी दुसरा पाळावा. एकच आकडा दिला असेल, तर त्याखाली जाऊ नये. टायरच्या बगलेवर छापलेला आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा असते. गाडीला योग्य असलेला दाब त्यावरून ठरत नाही. ही गल्लत फार जणांकडून होते. दाब नेहमी टायर थंड असताना, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर मोजावा. धावताना टायर तापतो आणि दाब ४ ते ६ पीएसआयने (पीएसआय हे दाब मोजण्याचे एकक) वाढतो. ही वाढ धरूनच पट्टीवरचा आकडा ठरवलेला असतो, म्हणून तापलेल्या टायरमधून हवा काढू नये. हवामान बदलले की साधारण दर ५ ते ६ अंश सेल्सिअसला १ पीएसआयचा फरक पडतो, आणि काहीही बिघाड नसताना महिन्याला १-२ पीएसआय हवा रबरातून आपोआप झिरपते.

तरीही आपल्या सवयीचे मी पूर्ण खंडन करणार नाही. रिकाम्या गाडीत जास्त हवा असेल तर टायर मधोमध झिजतो, गाडी थोडी उसळते आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी होते. भरलेल्या गाडीत कमी हवा असेल तर बगला प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतात, आतून तापतात आणि टायर फुटण्याची शक्यता निर्माण होते. त्यामुळे माल चढवण्यापूर्वी हवा वाढवणे आपल्याकडून निश्चित होणार नसेल, तर पूर्ण भाराची हवा कायम ठेवून झीज सोसणे अधिक सुरक्षित. मात्र गाडीत स्वतःचे दाबमापक आणि छोटा पंप ठेवला, तर ही निवड करण्याची वेळच येणार नाही.

एक जुनी युक्तीही करून पाहावी. टायरच्या पट्ट्यावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत खडूची जाड रेघ ओढावी, सपाट रस्त्यावर गाडी थोडे अंतर सरळ चालवावी आणि रेघ कोठे पुसली गेली ते पाहावे. फक्त मधली पुसली गेली असेल, तर त्या भारासाठी हवा जास्त आहे. अर्थात खडूचा कौल काहीही असला, तरी पट्टीवरच्या आकड्याखाली उतरू नये.

झिजलेल्या टायरांचे काय करावे, हे नक्षीच्या खाचेत असलेल्या १.६ मिलिमीटर उंचीच्या खूणपट्ट्या सांगतील. मधला भाग त्या पट्ट्यांच्या पातळीला आला असेल, तर कडा कितीही जाड असल्या तरी टायर संपला असे समजावे. ओल्या रस्त्यावरची पकड त्यापूर्वीच बरीच उतरलेली असते, म्हणून मधोमध ३ मिलिमीटर नक्षी उरली की नव्या टायरांचा विचार सुरू करावा.

प्रश्न: पुढच्या टायरांवर हात फिरवला की एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागते. दोनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून घेतली, तरी दोन-तीन महिन्यांत पुन्हा तेच. काय तपासावे?

उत्तर: हात फिरवून पाहण्याची आपली सवय उत्तम आहे, डोळ्यांना दिसण्याआधी ही झीज बोटांना कळते. चाक गाडीच्या दिशेशी अगदी समांतर नसले, की ते पुढे जाताना थोडे आडवेही घासत जाते. पाव अंशाने तिरके असलेले चाक दर किलोमीटरला चार मीटरांहून अधिक आडवे ओढले जाते, म्हणजे हजार किलोमीटरांत चार किलोमीटर! बाहेरून आत हात नेताना गुळगुळीत आणि आतून बाहेर आणताना धारदार लागत असेल, तर दोन्ही चाकांची पुढची टोके गरजेपेक्षा जास्त आत वळलेली आहेत. उलटे असेल तर ती बाहेर वळलेली आहेत.

अलाइनमेंट टिकत नाही याचा अर्थ बहुधा असा, की जे सांधे ती धरून ठेवतात तेच ढिले झाले आहेत. टाय रॉड एंड, बॉल जॉइंट किंवा आर्मचे रबरी बुश यांत खेळ असेल, तर यंत्रावर कोन बरोबर दिसतो आणि रस्त्यावर पहिल्या खड्ड्यानंतर बदलतो. म्हणून आधी पुढची चाके उचलून, हाताने हलवून हा खेळ तपासावा, झिजलेले भाग बदलावेत आणि मगच पुन्हा अलाइनमेंट करावी.

पिकअपमध्ये याखेरीज एक जागा अशी असते, जिकडे कारागिरांचेही लक्ष जात नाही, ती म्हणजे मागचा आस. हा आस कमानपाट्यांवर यू बोल्टांनी आवळलेला असतो आणि पाट्यांच्या मधल्या बोल्टाने जागेवर राहतो. जास्त भाराने तो मधला बोल्ट तुटला किंवा यू बोल्ट ढिले पडले, तर आस एका बाजूला पुढे-मागे सरकतो. मागची चाके गाडीला तिरपी ढकलू लागतात आणि चालक नकळत स्टिअरिंग किंचित वळवून गाडी सरळ ठेवतो. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडे राहत असेल, तर हा संशय बळावतो. केवळ पुढच्या दोन चाकांची अलाइनमेंट करणाऱ्याला हा दोष सापडत नाही. चारही चाकांची मोजणी करून घ्यावी. आपल्या हौद्यात अवजारांची पेटी किंवा टप असे कायमचे ओझे असेल, तर तेही कारागिराला आधीच सांगावे, कारण गाडीची बैठक बदलली की कोनही बदलतात.

आपल्या टायरांवर करवतीऐवजी ठिकठिकाणी खळगे पडलेले आढळले, तर मात्र प्रश्न वेगळा आहे. ती खूण थकलेल्या शॉकअॅब्सॉर्बरची किंवा बिघडलेल्या बॅलन्सिंगची (चाकाच्या वजनाच्या समतोलाची) असते.

प्रश्न: टायरांची अदलाबदल किती किलोमीटरनंतर आणि कोणत्या क्रमाने करावी? स्टेपनी त्यात घ्यावी का?

उत्तर: साधारण ८ ते १० हजार किलोमीटरनंतर. मागची चाके इंजिनाच्या जोरावर फिरणाऱ्या पिकअपमध्ये मागचे टायर आपापल्या बाजूनेच पुढे आणावेत आणि पुढचे टायर बाजू बदलून मागे न्यावेत. स्टेपनी इतर चार टायरांच्याच मापाची आणि नक्षीची असेल तर ती अवश्य घ्यावी, अन्यथा ती न वापरता जुनी होते. अशा वेळी स्टेपनी मागे उजवीकडे लावावी, पुढचा डावा टायर स्टेपनीच्या जागी ठेवावा आणि पुढचा उजवा मागे डावीकडे न्यावा. मागचे दोन्ही सरळ पुढे येतील. बगलेवर फिरण्याच्या दिशेचा बाण असलेले टायर मात्र बाजू बदलून लावू नयेत.

पिकअपमध्ये पुढच्या आणि मागच्या टायरांतील हवा पुष्कळदा वेगळी असते, त्यामुळे अदलाबदलीनंतर प्रत्येक टायरचा दाब नव्या जागेप्रमाणे करून घ्यावा. हे विसरले, तर ज्या झिजेसाठी अदलाबदल केली तीच वाढते. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि ८० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. दोनच नवे टायर घेतले असतील तर ते मागे लावावेत, विशेषतः पावसाळी वापर असेल तर. ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरली की गाडी गिरकी घेते, आणि रिकाम्या पिकअपचा मागचा भाग तर आधीच हलका असतो.

प्रश्न: जुन्या टायरांच्याच मापाचे, पण मोटारींसाठी बनवलेले, आवाज कमी करणारे टायर बसवले तर चालेल का?

उत्तर: माप सारखे असले म्हणजे टायर सारखा असतो असे नाही. मापानंतर येणारा अंक भारांक असतो: १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०८ म्हणजे १०००, ११२ म्हणजे ११२०. मूळ टायरपेक्षा कमी भारांकाचा टायर पिकअपला लावू नये. अमेरिकेच्या नियमांत मोटारीचा टायर हलक्या ट्रकवर लावताना त्याची क्षमता १.१ ने भागून धरतात. त्या हिशेबाने ११० भारांकाचा, म्हणजे १०६० किलोंचा टायर सुमारे ९६४ किलोंचाच उरतो. याउलट मोटारीचे टायर काढून ‘एलटी’ अक्षरांचे हलक्या ट्रकचे टायर बसवले, तर तेवढाच भार पेलण्यासाठी त्यांना हवा जास्त लागते आणि पट्टीवरचा जुना आकडा पुरत नाही. अशा वेळी टायरनिर्मात्याच्या भार-दाब तक्त्यावरून आकडा काढून घ्यावा. हौदा क्वचितच भरत असेल, तर मऊ चालीचा मोह मला समजतो. तो भारांक न सोडता पुरवावा.

प्रश्न: गाडी चार चाकांवर चालवण्याची सोय आहे. टायर सारखे झिजावेत म्हणून ती कायम चालू ठेवावी का?

उत्तर: कोरड्या, पक्क्या रस्त्यावर कधीही नाही. बहुतेक पिकअपांत ही सोय चालू केली की पुढचा आणि मागचा आस एकमेकांशी घट्ट जोडले जातात. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा मार्ग कापतात. हा फरक सामावून घेणारे मधले डिफरन्शियल नसल्याने तो ताण गिअरवर येतो आणि शेवटी टायर रस्त्यावर घासले गेल्यावरच तो ताण मोकळा होतो. चिखल, वाळू, बर्फ येथे चाक घसरू शकते, म्हणून तेथे ही सोय योग्य आहे.

प्रश्न: नायट्रोजन भरल्याने झीज कमी होते का?

उत्तर: साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. दाब नियमित तपासला तर साधी हवा पुरेशी आहे.

प्रश्न: आमची पिकअप फार कमी चालते. नक्षी भरपूर आहे, पण टायर आठ वर्षांचे आहेत आणि बगलेवर बारीक भेगा दिसू लागल्या आहेत. बदलावेत का?

उत्तर: बदलावेत. टायर खरोखर किती जुने आहेत, हे बगलेवरील चार अंकांवरून पाहावे: पहिले दोन अंक वर्षातील आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे २३१८ असल्यास २०१८ मधील तेविसावा आठवडा. काही वाहननिर्माते ६ वर्षांनंतर टायर बदलण्यास सांगतात, तर काही टायरनिर्माते पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि फार तर १० वर्षांनी बदल अशी मर्यादा घालतात. रबराला भेगांपासून वाचवणारी द्रव्ये टायर फिरताना पृष्ठभागाकडे येत राहतात, त्यामुळे उभ्या गाडीचे टायर चालत्या गाडीच्या टायरांपेक्षा लवकर तडकलेले दिसू शकतात. भेगा दिसत असताना अशा टायरांवर माल चढवण्याचा सल्ला मी देणार नाही.

त्याच वेळी हौद्याखाली टांगलेली स्टेपनीही खाली उतरवून पाहावी. तिचे वयही तेवढेच असते, तिच्यातील हवा वर्षानुवर्षे कोणी मोजलेली नसते आणि तिला धरणारी तार व साखळी चिखलपाण्याने गंजून अडकलेली असते. ती यंत्रणा साफ करून वंगण द्यावे आणि स्टेपनी परत चढवताना व्हॉल्व्ह अशा बाजूला ठेवावा, की गाडीखाली वाकून हवा मोजता येईल.