मुलुंड नाक्यावर ट्रक अडवला, तर वजनकाट्यावर न्यायला नकार देता येतो का?

नाही, आणि तसा प्रयत्नही करू नका. तुम्ही भिवंडीहून मुंबईत माल आणता, म्हणून आकडेच सांगतो. आरटीओच्या अधिकृत अधिकाऱ्याने सांगूनही वजन करू दिलं नाही, तर दंड 40,000 रुपये. ओव्हरलोड सापडला तर 20,000, वर प्रत्येक जादा टनाला 2,000, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा. भर रस्त्यात हमाल आणि दुसरी गाडी शोधणं दंडापेक्षा जास्त छळतं. मात्र काटा तुमच्या पुढच्या वाटेपासून 10 किलोमीटरच्या आत हवा, किंवा माल उतरवायच्या जागेपासून 20 च्या आत. उगाच लांब फिरवत असतील तर हे शांतपणे सांगा.

आरसी, फिटनेस, परमिट, विमा, पीयूसी, लायसन्स मोबाइलवर डिजिलॉकर किंवा एमपरिवाहन या सरकारी अ‍ॅपमध्ये असतील तरी चालतात. मूळ कागद जप्त केले, तर पोच घेतल्याशिवाय हलू नका. रोख देऊन सुटायचं तर अजिबात नाही, ई-चलानच मागा.

आणि मालक असाल तर एक कळकळीचं: जादा माल तुम्ही भरता, पण घाटात ब्रेक लागेनासे झाले की जीव ड्रायव्हरचा जातो. निघण्याआधी टायर आणि ब्रेक स्वतः बघा.