कृषी सल्ला: वाळवंटातलं सामाईक भाजीपाला शेत, मचूळ बोअर आणि मे महिन्याची भाजी

मी मूळचा माणचा, नोकरीनं मारवाडात आलो ते इथलाच झालो. मराठी माणसांचे प्रश्न इकडच्या शेतीबद्दल येत असतात, या पंधरवड्यात चार आले, त्यातला पहिला मोठा आहे म्हणून त्यालाच जास्त जागा देतोय, बाकीच्यांनी समजून घ्या.

पहिला प्रश्न जैसलमेर जिल्ह्यातनं एका ताईंचा. मिस्टर फौजेत, पोस्टिंग इकडं. शेजारच्या ढाणीतल्या, म्हणजे रानातल्या वस्तीवरच्या, बायकांबरोबर त्यांनी 10 गुंठ्यात सामाईक भाजी सुरू केली, कारण ताजी भाजी लांबनं येते आणि उन्हाळ्यात तर येईपर्यंत तिची रया जाते. बोअर रोज तासभर चालतो, साधारण 4,000 लिटर पाणी मिळतं, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला 2,600 मिलिग्रॅम. घेवडा पानांच्या कडेनं करपला, गाजर करंगळीएवढं राहिलं, दुकानदार म्हणतो जिप्सम टाका. काय करू, आणि मे-जूनमध्ये भाजी कुठनं आणू?

ताई, आधी जिप्समचं सांगतो कारण त्यात पैसे जातील. जिप्सम खार काढत नाही. मातीला चिकटलेला सोडियम ते सुटा करतं आणि मग तो गोड्या पाण्यानं खाली धुऊन न्यावा लागतो, त्यामुळं पाणी वरनं मुरत नसेल, जमीन चिकट होऊन पापुद्रा धरत असेल तर जिप्समचा उपयोग. तुमची वाळू आहे, पाणी लगेच मुरतंय असं तुम्हीच लिहिलंय. माती-पाण्याचा पूर्ण रिपोर्ट कृषी विज्ञान केंद्रातनं काढून घ्या, त्यात सोडियम आणि बायकार्बोनेट जास्त निघालं तरच जिप्समचं बघू.

तुमचा खरा त्रास पिकाच्या निवडीत आहे. टीडीएसला 640 नं भागा, ईसी निघतो, ते खारेपणाचं माप, म्हणजे तुमचं पाणी 4 च्या आसपास. त्या पाण्यानं मातीचा ईसी साधारण दीडपट होतो, 6 धरा. आता घेवडा आणि गाजर यांचं उत्पन्न मातीचा ईसी 1 झाला की घटायला लागतं, कांद्याचं 1.2 ला, पालकाचं 2, टोमॅटोचं अडीच आणि बीट मात्र 4 पर्यंत काही बोलत नाही. म्हणजे घेवड्यात तुमची चूक काहीच नव्हती, त्या पाण्यावर तो येणारच नव्हता. घेवडा, गाजर, कांदा बंद करा. बीट लावा, पालक लावा, टोमॅटोचा तिसरा हिस्सा गेला असं धरून लावा आणि घोळ लावा, आपल्या आजीच्या हातची ताक घालून केलेली घोळाची भाजी आठवते ना तीच, मचूळ पाण्यावर ती छान तग धरते.

रोपं लहान असताना खार सगळ्यात जास्त झोंबतो म्हणून उगवणीला तरी गोडं पाणी द्या. ते कुठनं आणायचं? पत्र्यावरनं. 100 चौरस मीटर पत्रा आणि चांगल्या वर्षाचा 200 मिमी पाऊस म्हणजे 20,000 लिटर, सांडलवंड जाऊन 15 ते 16 हजार हाताशी लागतं. इकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या टांक्यात, म्हणजे जमिनीखालच्या हौदात, असंच साठवत आलीत, फक्त पहिल्या पावसाचं पाणी धूळ-विष्ठेसकट सोडून द्यायचं. हे पाणी रोपवाटिकेला आणि झाडाशेजारी पुरलेल्या पाझरत्या मडक्यांना, बोअरचं पाणी मोठ्या झाडांना.

आता पाण्याचा हिशोब, हा शेतात सगळ्या बायकांना बसवून करा. थंडीत एका चौरस मीटरला रोज साधारण 3 लिटर लागतं, 10 गुंठे म्हणजे हजारेक चौरस मीटर, म्हणजे 3,000 लिटर. भागतंय. मे महिन्यात तेच 10 लिटरवर जातं, म्हणजे रोज 10,000, आणि तुमच्याकडं तेवढेच 4,000, त्यात गुरं पण पिणार. मग मार्च संपला की 8 गुंठे सरळ मोकळे सोडा आणि 2 गुंठ्यावर अर्धं ऊन अडवणारी 50 टक्क्याची शेडनेट टाकून तेवढंच जगवा. सगळे 10 गुंठे अर्धपोटी ठेवले तर एकही धड पिकत नाही, वर खार साठतो कारण धुऊन जायला पाणीच उरत नाही. मी हे डोळ्यानं बघितलंय. फलोदीकडच्या एका ढाणीत एप्रिलमध्ये गेलो होतो, सरीच्या वरंब्यावर पांढरा थर, एका म्हातारीनं बोटानं खरवडून जिभेला लावला आणि म्हणाली मीठ विकत आणायची गरज नाही, आणि तिच्या डोळ्यात पाणी होतं कारण मिरचीची सगळी रोपं तिनं एकटीनं डोक्यावरनं पाणी आणून जगवली होती. वरंब्याच्या माथ्यावर रोप लावू नका ताई, खार तिथंच चढतो, कडेला उतारावर लावा.

मग मे-जूनमध्ये खायचं काय, तुमचा मूळ सवाल तोच. माझं म्हणणं स्पष्ट आहे, वाळवंटात उन्हाळ्याची भाजी थंडीत आणि पावसाळ्यात पिकवून वाळवून ठेवायची असते. नागौरची पानमेथी, म्हणजे कसुरी मेथी, अशीच वाळवलेली देशभर जाते. पावसावर गवार, मटकी, काचरी पेरा, काचरी म्हणजे आपल्या शेंदाडाच्या जातकुळीतलं छोटं आंबूस फळ, चिरून वाळवलं की आमटीत आमसुलाचं काम करतं. आणि मटकी तर काय, आपल्या मिसळीतली मटकी बहुतेक याच रेतीतनं येते, 60 ते 65 दिवसात निघणारे वाण आहेत आणि वेल जमीन झाकतो त्यामुळं वाराही माती उडवत नाही.

दुसरा प्रश्न त्याच ढाणीतला, ताईंनीच विचारून पाठवलाय: बांधावर 12 खेजड्या आहेत पण सांगरी, म्हणजे खेजडीची शेंग, लागत नाही, झाडं म्हातारी झाली का?

नाही हो. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला पुजतो ती. तिचा पाला, इकडं लूंग म्हणतात, शेळ्यांसाठी दर थंडीत पूर्ण छाटला जातो आणि पुरी बोडकी केलेली खेजडी त्या उन्हाळ्यात शेंग देत नाही. चाऱ्याची गरज मला कळते, म्हणून 12 पैकी 4 झाडं दरवर्षी आळीपाळीनं न छाटता ठेवा. शेंगा कोवळ्या हिरव्या असताना काढा, उकडून वाळवा. केर, म्हणजे इकडच्या काटेरी झुडपाचं बारीक फळ, असेल तर तेही गोळा करा, पण ताकात नाहीतर मिठाच्या पाण्यात चार-पाच दिवस भिजवून कडूपणा काढल्याशिवाय वाळवू नका. केर, सांगरी, कुमट म्हणजे बाभळीच्या जातकुळीतल्या झाडाच्या बिया, आणि गुंदा, म्हणजे आपलं भोकर, एवढं डब्यात असलं की मे महिन्यात घरात भाजी नाही असं होत नाही. याच झाडांसाठी 1730 मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात बिश्नोई पंथाच्या 363 माणसांनी जीव दिला. कुऱ्हाड लावताना मला दरवेळी ते आठवतं.

तिसरा, आटपाडीचा एक दादा विचारतो की तिकडं बोराचं झाड कसं येतं, आमच्याकडं जमेल का. दादा, तुमच्याकडं इथल्या दुप्पट-तिप्पट पाऊस पडतो आणि सोलापूर भागात उमराण बोरं आहेतच. बोराचा मोठा गुण हा की भर उन्हाळ्यात झाड पानं टाकून झोपतं, ज्या महिन्यात पाणी नाही त्याच महिन्यात ते मागत नाही. इथं मे मध्ये छाटणी, जुलैत रानबोरडीवर डोळा भरायचा, म्हणजे चांगल्या जातीचं कलम करायचं. लवकर पाहिजे तर गोला जात बघा, इकडं ती जानेवारीत येते.

चौथा सामाईक शेतातल्या भाजीच्या वाटपाचा, वादावादी झालीय म्हणे. कुणाची मेहनत जास्त, कुणाचं कुटुंब मोठं. माझं मत, भाजी तोलून वाटायच्या भानगडीत पडू नका, पाण्याच्या पाळ्या वाटा आणि ज्याच्या वाफ्याला पाळी त्याची भाजी. दोन वाफे मात्र कुणाचेच नाहीत, एक अंगणवाडीचा आणि एक बियाणाचा. बियाणाच्या वाफ्याजवळ दुसऱ्या जातीची काचरी-काकडी लावू नका, मधमाशी परागकण इकडचे तिकडं नेते आणि पुढच्या वर्षी कडू निघतं.

ताईंचा जाता जाता आणखी एक, मडकी कशी निवडायची. 8 ते 10 लिटरचं, बिनरंगाचं, कच्च्या मातीचं नको भाजलेलंच पण आतून-बाहेरून लेप नसलेलं. गळ्यापर्यंत पुरायचं, तोंड दोन बोटं वर, झाकण ठेवायचं, भोवती भोपळा-काकडीचं बी, तिसऱ्या दिवशी भरायचं, आणि त्यात गोडंच पाणी, मचूळ पाण्यानं छिद्रं बुजतात. कुंभाराकडनं घेतल्यावर एक मडकं भरून रात्रभर ओसरीवर ठेवा, सकाळी बाहेरनं हात लावून ओलं लागलं नाही तर सगळी परत करा.